होडीला इंजिन किती घोड्यांचे?

पहाटेची वेळ होती. आंजर्ल्याच्या खाडीतून आमची होडी समुद्राकडे निघाली होती. होडी बेताचीच, सहा मीटर लांबीची. मागच्या फळीला एक इंजिन अडकवलेले. होडीत आम्ही तिघे: इंजिनाचा दांडा धरून बसलेले तांडेलकाका, त्यांचा पुतण्या, आणि जाळे कसे टाकतात ते पाहायला हौसेने आलेला मी. ओहोटी लागली होती, त्यामुळे खाडीचे पाणीही आमच्याबरोबर समुद्राकडे धावत होते. तुमच्यापैकी जे कोकणात राहतात त्यांना ठाऊकच असेल, की पुष्कळ खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचून उंचवटा तयार होतो. त्या वाळूवर पाणी उथळ असते आणि उथळ पाण्यात लाटा फुटतात. तिथून जाताना होडीचे तोंड लाटेकडेच हवे. ती आडवी झाली, की उलटलीच म्हणून समजा.

फुटणाऱ्या लाटा शे-दीडशे मीटरवर दिसू लागल्या आणि नेमके तेव्हाच इंजिन खोकू लागले. दोन-तीन आचके दिले आणि बंद पडले.

"काका, दोरी ओढा, लवकर चालू करा!" मी ओरडलो. काकांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते पुतण्याला म्हणाले, "आधी नांगर टाक." नांगर वाळूत रुतला, दोर ताणला गेला, होडी गर्रकन फिरून प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली आणि लाटांकडे वाहत जाणे थांबले. मग काका माझ्याकडे वळले. "हां, आता बोला गुरुजी."

दोरी ओढली. इंजिन चालू झाले, मिनिटभर चालले आणि पुन्हा बंद. असे दोनदा झाले. टाकीत पेट्रोल भरपूर होते. ठिणगीही पडत होती. मग बिघाड कुठे?

उत्तर मी लगेच सांगणार नाही, तुम्ही विचार करा. एक धागा मात्र देतो. पेट्रोलची टाकी घरापासून किनाऱ्यापर्यंत मीच उचलून आणली होती. आता हे इंजिन असते कसे आणि होडीला योग्य ते निवडायचे कसे, हे आधी पाहू. म्हणजे कोडे सोडवायला तुमच्या हाती सामग्री येईल.

होडीबाहेर लटकणारे इंजिन

मोठ्या मच्छीमार बोटींचे डिझेल इंजिन बोटीच्या पोटात पक्के बसवलेले असते. त्याचा दांडा तळातून मागे बाहेर जातो आणि टोकाला पंखा फिरतो. लहान होडीला एवढा खटाटोप परवडत नाही. तिच्यासाठी इंजिन, दांडा, दाते असलेली चाके आणि पंखा असे सगळे एकाच उभ्या साच्यात बसवलेले यंत्र मिळते. ते मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळले की झाले. इंजिन होडीच्या बाहेर लटकते म्हणून त्याला आउटबोर्ड म्हणतात. संपूर्ण यंत्रच डावीउजवीकडे वळते, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. पाणी उथळ झाले की ते मागून वर उचलता येते. रात्री काढून घरी नेता येते. आपल्या खाड्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

असे यंत्र यशस्वी करून दाखवणाऱ्यांत ओले एव्हिनरूड ह्याचे नाव पुढे आहे. तो मूळचा नॉर्वेचा. अमेरिकेतील मिलवॉकी येथे त्याने १९०९ साली आपली इंजिने विकायला काढली. त्यांची ताकद होती अवघी दीड अश्वशक्ती. योगायोग असा, की भारतातल्या मासेमारीला यंत्राची जोड देण्याच्या कामातही नॉर्वेचा मोठा हात लागला. १९५२ साली झालेल्या करारानुसार केरळच्या किनाऱ्यावर इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या होड्यांना इंजिने बसू लागली.

आउटबोर्ड दोन जातींचे असते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्याच्या वरून खाली किंवा खालून वर अशा एका खेपेला धाव म्हणतात. चार धावांत एकदा स्फोट होतो ते फोर-स्ट्रोक इंजिन. दोन धावांत एकदा होतो ते टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये झडपा नसतात, भाग थोडे असतात, ते वजनाला हलके असते आणि गावातला कारागीरही त्याला खोलून पुन्हा जोडू शकतो. पण जळालेला वायू बाहेर ढकलताना ताजे पेट्रोलही थोडे निसटते. जुन्या धर्तीच्या इंजिनात तर पाव भागापर्यंत पेट्रोल न जळताच बाहेर जाते. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. बहुधा पन्नासास एक, म्हणजे दर लिटरला २० मिलिलिटर. होडीमागे पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो ना, तो ह्याचाच. दहा अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात ताशी चार लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, तेवढ्याच ताकदीचे जुने टू-स्ट्रोक पाच-सहा लिटर. रोज चार तास चालवणाऱ्याने महिन्याचा हिशेब करून पाहावा. केरळात पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची इंजिनेही पुष्कळ आहेत. रॉकेल स्वस्त पडते म्हणून ही युक्ती. धूर मात्र नाकाशी.

ताकद दुप्पट, वेग किती?

आता खरा प्रश्न. होडीला किती अश्वशक्तीचे इंजिन लावावे? (७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जेवढी ताकद लागते ती साधारण एक अश्वशक्ती.) बंदरावर कुणालाही विचारा, "जितके घोडे जास्त तितकी होडी पळेल," असेच उत्तर मिळेल. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

होडी चालू लागली की तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाण्याची एक लाट उठते. वेग वाढला की ह्या लाटेची लांबी वाढते. लाटेची लांबी म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर. वाढता वाढता अशी वेळ येते, की ही लांबी होडीच्या लांबीएवढी होते. एक माथा नाळेखाली, दुसरा मागच्या फळीखाली, आणि होडी मधल्या खळग्यात! ह्याहून वेग वाढवू गेलात तर मागचा माथा आणखी मागे सरकतो, होडीची पाठ खळग्यात बसते आणि नाळ वर उचलली जाते. म्हणजे होडीला आपणच उभ्या केलेल्या पाण्याच्या डोंगरावर चढत राहावे लागते. डोंगर तिच्याबरोबर पुढे पळतो, म्हणून चढ काही संपत नाही. विल्यम फ्राउड ह्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यातून ओढून ह्या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला.

ह्या मर्यादेचे गणित अगदी सोपे आहे. पाण्यात बुडालेल्या होडीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा. ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. चार मीटरच्या होडीला ९ किलोमीटर, सव्वासहा मीटरच्या होडीला सव्वाअकरा, नऊ मीटरच्या होडीला साडेतेरा. म्हणजे लांब होडी मुळातच वेगवान. जुन्या लोकांनी शर्यतीच्या होड्या लांबलचक आणि अरुंद का केल्या, ते आता लक्षात आले ना?

आमची होडी जाळे, माणसे आणि मासळी धरून सुमारे एक टन वजनाची. तिला ह्या मर्यादेपर्यंत न्यायला शांत पाण्यात चार-पाच अश्वशक्ती पुरतात. पण समुद्र नेहमी शांत नसतो. समोरून वारा, उलटा प्रवाह, भरलेली होडी ह्यांसाठी तेवढीच ताकद राखून ठेवावी लागते. म्हणून आठ ते दहा अश्वशक्तीचे इंजिन तिला योग्य. तिथे वीसचे लावले तर? मर्यादेच्या खालीदेखील लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताकद दुप्पट केली तर वेग फार तर सव्वापट होतो. मर्यादेच्या वर तर तेवढाही वाढत नाही. पेट्रोल मात्र जवळजवळ दुप्पट जळते. शिवाय जड इंजिनाने होडीची पाठ दबते आणि मागची फळी तडकण्याची भीती असते ती वेगळीच.

मग काही होड्या पाण्यावरून सुसाट कशा जातात? त्या हलक्या आणि सपाट तळाच्या असतात. पुरेशी ताकद मिळाली की त्या आपल्या लाटेवर चढून तिच्या पुढे निसटतात आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावर घसरू लागतात. पण त्यासाठी दर अश्वशक्तीमागे एकूण वजन ढोबळमानाने २०-२५ किलोग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. एक टनाच्या होडीला चाळीस-पन्नास अश्वशक्ती हवी! जाताना रिकामी होडी घसरत जाईल, पण येताना मासळीने भरली की रांगत येईल. मासेमारीच्या होडीचे इंजिन निवडताना परतीचे वजन धरावे ते ह्यासाठी. दुकानात इंजिन पाहायला जाणारे बहुतेक जण रिकामी होडी डोळ्यांसमोर ठेवून जातात.

इथे विजेच्या मोटारीविषयी थोडे सांगतो, कारण हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून वापरायला ६००. पाचशे वॉटची छोटी मोटार त्यावर तासाभराहून थोडी जास्त चालेल. उलट एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ९,००० वॉट-तास उष्णता मिळते. इंजिनाने त्यातला पाचवा भाग जरी कामी लावला तरी १,८०० वॉट-तास झाले. म्हणजे पाऊण किलो पेट्रोलची बरोबरी करायला तीस-तीस किलोच्या तीन बॅटऱ्या! नव्या लिथियमच्या बॅटऱ्या ह्याहून पुष्कळ हलक्या असतात, पण महाग. तरीसुद्धा खाडीत, तळ्यात, ठरलेल्या छोट्या अंतरावर वीज उत्तम काम करते. केरळातील वैकम येथे २०१७ सालापासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची नाव सूर्याच्या उजेडावर तयार केलेल्या विजेने चालते. मात्र खोल समुद्रात वाऱ्याशी झुंजत जाळी ओढायला जायचे असेल, तर आजचा हिशेब मी वर मांडला तसाच आहे.

पंख्याचे गणित

इंजिन कितीही चांगले असले तरी पाण्याला ढकलतो तो पंखा. न्यूटनचा तिसरा नियम आठवा: पंखा पाणी मागे फेकतो, पाणी होडीला पुढे ढकलते. आता समजा, आपल्याला २०० न्यूटन इतका रेटा हवा आहे. तो दोन तऱ्हांनी मिळेल. दर सेकंदाला १०० किलोग्रॅम पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने फेका, किंवा ५० किलोग्रॅम पाणी ४ मीटर वेगाने फेका. गुणाकार दोन्हीकडे २००च. पण खर्च होणारी ऊर्जा पाहा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पहिल्या तऱ्हेत ती २०० ज्यूल, दुसऱ्या तऱ्हेत ४००! म्हणजे पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे हे थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा स्वस्त. म्हणून ओझ्याच्या होडीला मोठा आणि हळू फिरणारा पंखा लावतात. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असले, तरी मधली दातेरी चाके पंख्याचे फेरे निम्मे करतात.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा. दुसरा असतो तो 'पिच'चा. लाकडात स्क्रू पिळला तर एका फेऱ्यात तो जेवढा आत जाईल, तसेच पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा, ते अंतर म्हणजे पिच. समजा पिच १५ सेंटिमीटर आहे आणि पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो. मग होडीने मिनिटाला ३७५ मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर जायला हवे. पण आमची होडी ताशी अकराच जाते! कारण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते सरकते. जड होडीला निम्म्याच्या आसपास अशी घसर पडणे नेहमीचेच.

सायकलने घाट चढताना तुम्ही गिअर हलका करता. तसाच जड होडीला कमी पिचचा पंखा हवा. जास्त पिचचा लावला तर इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. घरघरते, तापते, काजळी धरते. कित्येकदा लोक "इंजिनात दम नाही" म्हणून मोठे इंजिन घेतात, आणि खरे तर पंखा बदलला असता तर भागले असते.

इंजिन किती खोल बसवायचे तेही पाहावे लागते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली यावी. वर राहिली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. फळीच्या उंचीप्रमाणे इंजिनाचा पाय आखूड (सुमारे ३८ सेंटिमीटर) किंवा लांब (सुमारे ५१ सेंटिमीटर) घ्यावा. होडीची फळी न मोजता इंजिन आणणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बंद पडले! आता?

पहिली गोष्ट नांगर, हे तुम्ही पाहिलेच. किनाऱ्यापासून दूर, वाहत्या पाण्यात, बिघाड शोधायला लागणारा वेळ नांगर मिळवून देतो. आणि इंजिन असले तरी होडीत वल्ही हवीतच.

दुसरी गोष्ट: इंजिन *कसे* बंद पडले ते आठवायचे. दिव्याचे बटण बंद करावे तसे एकदम थांबले? मग बहुधा ठिणगीचा दोष. खोकत, आचके देत थांबले? मग पेट्रोल नीट पोचत नाही. आवाज जड होत होत, तापून, कण्हत थांबले? मग थंड करणारे पाणी किंवा तेल तपासा, आणि तोवर दोरी ओढू नका. डॉक्टर औषध देण्याआधी दुखणे कधी आणि कसे सुरू झाले ते विचारतात ना, अगदी तसेच.

एकदम थांबले असेल तर सगळ्यांत आधी लाल दोरी पाहा. तिचे एक टोक इंजिनावरच्या बटणाला आणि दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. माणूस पाण्यात पडला तर ती निसटते आणि ठिणगी बंद होते, म्हणजे रिकामी होडी पळून जात नाही किंवा फिरून त्याच्याच अंगावर येत नाही. ही दोरी धक्क्याने निसटते आणि मग लोक अर्धा तास घाम गाळतात. म्हणून ती कायमची बांधून टाकणारेही आहेत. तो मूर्खपणा कुणी करू नये. एकट्याने मासेमारीला जाणाऱ्याचा जीव त्या दोरीवर असतो.

मग स्पार्क प्लग काढून त्याचे टोक पाहायचे. ओले आहे? म्हणजे पेट्रोल येते आहे, ठिणगी पडत नाही किंवा चोक जास्त ओढल्याने पेट्रोल तुंबले आहे. कोरडे ठणठणीत आहे? म्हणजे पेट्रोलच येत नाही. एका नजरेत निम्मा शोध संपतो! काळी काजळी असेल तर पुसून पुन्हा लावायचा. मात्र जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तेव्हा ठिणगी पाडून पाहू नये; पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि होडीच्या तळाशी साचून राहते.

पेट्रोल येत नसेल किंवा अडखळत येत असेल तर त्यात पाणी असण्याचा संभव असतो. चाळणीच्या काचेच्या वाटीत ते दिसते, कारण पाणी जड म्हणून खाली बसते. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते. ओल फार झाली, की ते पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी बसते. समुद्रकाठच्या दमट हवेत महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली टाकी ठेवू नये ती ह्यासाठी.

आणि आता आमचे कोडे. इंजिन खोकत थांबले होते, म्हणजे पेट्रोलची वाट अडली होती. काकांनी टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा हातात घेतला. हा फुगा सुरुवातीला दाबून पेट्रोल चढवायचे असते. तो चिपाडासारखा चिपटला होता. काकांनी काही न बोलता टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल केला. फुस्स करून हवा आत गेली. फुगा टम्म झाला. दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि मग दिवसभर कुरकुरले नाही.

तो स्क्रू मीच आवळला होता. टाकी उचलून आणताना पेट्रोल हिंदकळून धोतराला लागेल म्हणून!

काय झाले असेल ते बॉइलच्या नियमाने काढता येते. बारा लिटरच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल आणि दोन लिटर हवा होती. दहा मिनिटांत इंजिनाने सुमारे पाऊण लिटर पेट्रोल ओढले. बाहेरची हवा आत यायला वाट नाही. मग तीच दोन लिटर हवा पावणेतीन लिटर जागेत पसरली आणि तिचा दाब जवळजवळ पाव भागाने उतरला. (पेट्रोलच्या वाफेमुळे हिशेबात थोडा फरक पडेल.) इंजिनाचा छोटा पंप एवढ्या ओढीविरुद्ध पेट्रोल खेचू शकला नाही. थोडे थांबल्यावर चार थेंब पोचत, इंजिन मिनिटभर चाले आणि पुन्हा उपाशी राही. किराणा दुकानदार तेलाच्या डब्याला समोरासमोर दोन भोके पाडतो, एक तेलासाठी आणि एक हवेसाठी, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. शाळेत हवेचा दाब शिकवतही होतो. पण त्या पहाटे डोके चालले नाही ते नाहीच.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर बाटलीत काठोकाठ पाणी भरा, तोंडात एक नळी घाला आणि नळीभोवती ओल्या कणकेने बाटलीचे तोंड घट्ट लिंपा. आता नळीने पाणी पिऊन दाखवा!

पाणी दिसते का, खिळा कुणी घातला

इंजिन थंड ठेवायला समुद्राचेच पाणी वापरतात. पायातला रबराच्या पात्यांचा छोटा पंप पाणी वर चढवतो आणि ते इंजिनाभोवती फिरून बाहेर पडते. त्यातली एक बारीक धार मागे मुद्दाम दिसेल अशी सोडलेली असते. चांगला तांडेल गप्पा मारतानाही दर थोड्या वेळाने ह्या धारेकडे पाहतो. धार थांबली की इंजिन तत्काळ बंद करायचे. अलीकडे बहुतेक वेळा कारण एकच निघते: पाणी ओढायच्या जाळीवर चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. ती काढूनही धार येत नसेल तर पंपाची रबरी पाती तुटलेली असतात. वाळूत इंजिन चालवल्याने ती झिजतात, आणि पाण्याबाहेर चालवले तर कोरड्या घर्षणाने पाहता पाहता जळतात. "जरा आवाज ऐकू" म्हणून अंगणात इंजिन सुरू करू नये.

लहान इंजिनांच्या पंख्याला पुष्कळदा एक मऊ धातूची खीळ असते. पंखा खडकावर आपटला की ती मोडते आणि पंखा मोकळा होतो. इंजिन जोरात फिरते पण होडी हलत नाही. खीळ मोडावी म्हणूनच ती मऊ केलेली असते, घरातल्या विजेच्या फ्यूजसारखी. एका होडीवर खीळ मोडली, जादा खीळ नव्हती, म्हणून कुणीतरी पोलादी खिळा ठोकून बसवला. पुढच्या वेळी खडक लागला तेव्हा खिळा टिकला आणि आतल्या दातेरी चाकांचे दात गेले. चार आण्यांची बचत आणि हजारोंचा भुर्दंड! दोन-तीन जादा खिळी, एक स्पार्क प्लग आणि पाना एवढे डब्यात घालून होडीत ठेवले की पुरते.

पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला जातो, त्याकडेही लक्ष हवे. तो आतल्या रबरी चकतीला कापतो आणि पाणी दातेरी चाकांच्या तेलात शिरते. तेल काढून पाहिल्यावर ते दुधाच्या चहासारखे दिसले तर हेच झाले म्हणून समजावे.

खारे पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की विद्युत्-घट तयार होतो, आणि त्यात एक धातू झिजत जातो. इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे, दांडा पोलादाचा. ॲल्युमिनियम वाचावे म्हणून त्याहून लवकर झिजणारा जस्ताचा ठोकळा पाण्यात बुडणाऱ्या भागावर बसवतात. ही युक्ती हंफ्री डेव्हीची. १८२४ साली त्याने ब्रिटिश जहाजांचा तांब्याचा पत्रा लोखंड-जस्ताचे तुकडे लावून वाचवला. पण गंमत अशी झाली, की तांबे झिजेनासे झाल्यावर त्याचे विष पाण्यात उतरेना आणि जहाजांच्या तळावर शिंपले-शेवाळ मजेत वाढू लागले! आपल्या इंजिनाला ती अडचण नाही. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा. त्याला रंग मात्र कधी लावू नये, रंगाखाली तो निकामी होतो.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, आपल्या किनाऱ्यावर यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा इंजिन घरी आणून गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करावे आणि दहा मिनिटे चालवावे, म्हणजे आतले मीठ धुऊन निघते. मग पेट्रोलची नळी काढून, कार्बुरेटरमधले पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी हळूच चार-पाच वेळा ओढावी, म्हणजे दट्ट्याला गंज चढत नाही. इंजिन उभेच ठेवावे. जागा नाही म्हणून फोर-स्ट्रोक भलत्या कुशीवर आडवे ठेवले, तर तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला तरी दोरी ओढता ओढवत नाही. कुठल्या कुशीवर ठेवायचे ते त्याच्या अंगावर चित्र काढून दाखवलेले असते. टाकी मात्र रिकामी करून, झाकणावरचा स्क्रू आवळून ठेवावी. आणि होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी तो आठवणीने सैल करावा.